जपानी एकट्यानं शिकताना वाचन आणि डायरी सुटू नये म्हणून

‘ताई, मोटिव्हेशन कसं टिकवायचं’ एवढंच तू शेवटी विचारलंस, पण त्याच्या आधी जे सांगितलंस ना, उत्तर त्यातच आहे बघ. सहा महिने झाले, हिरागाना काताकाना ह्या जपानीच्या दोन्ही अक्षरमाला येतायत, एन-फाइव्हचं, म्हणजे परीक्षेच्या पाच पातळ्यांतल्या सगळ्यात सोप्या पातळीचं, ग्रामर जवळजवळ झालंय, मग कुणीतरी म्हणालं खरं जपानी वाच म्हणून ऑनलाइन एक कादंबरी मागवलीस आणि दुसऱ्याच पानावर अडकलास, डायरी अकरा दिवस लिहिलीस आणि बाराव्या दिवशी सबमिशन होतं म्हणून राहिली ती राहिलीच, आता टेबलावर ती वही दिसली तरी मन खातं. पुण्याला राहून क्लास करणं परवडत नाही आणि इथं कोल्हापुरात जपानी बोलायला कुणी मिळत नाही.

मी २०१६ ला सुरुवात केली, पहिली सहा वर्षं पूर्ण एकटीनं, आता शिरोली एमआयडीसीतल्या दोन-तीन कारखान्यांसाठी ड्रॉइंगवरच्या सूचना, मशीनची मॅन्युअल, ऑडिटचे रिपोर्ट असलं भाषांतर करते आणि घरी चार-पाच मुलांना शिकवते. त्यामुळे तू सांगितलेलं सगळं माझ्या अंगावरून गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती कादंबरी कपाटात ठेव. वर्षा-दोन वर्षांनी काढ. तुझा उत्साह संपला असं तुला वाटतंय, पण सहा महिन्यांच्या जपानीवर कादंबरी म्हणजे कालपासून तालमीत जायला लागलेल्या पोराला थेट मैदानात उभा करण्यासारखं आहे, तो हरणारच, त्यात त्याच्या जिद्दीचा काय दोष. माझे काका गंगावेश तालमीत जायचे, ते सांगायचे की नवीन पोराला वस्ताद महिनोन्‌महिने नुसते जोर-बैठका आणि माती उकरायला लावतात, आणि पोरगं टिकतं ते त्याला रोज जमेल एवढंच दिलेलं असतं म्हणून. वाचनाचं तसंच्या तसं आहे. जे वाचून पंधरा मिनिटांत ‘अरे, कळलं की’ असं वाटतं तेच दुसऱ्या दिवशी आपण परत हातात घेतो. उत्साह आधी आणि वाचन नंतर असं मी तरी कधी अनुभवलं नाही, कळायला लागलं की उत्साह मागनं येतो.

जपानीत ह्याला तादोकु म्हणतात, म्हणजे पुष्कळ वाचन. त्याचे नियम चारच आहेत आणि मला चारही पटतात. सगळ्यात सोप्यापासून सुरू करायचं, वाचताना शब्दकोश उघडायचा नाही, न कळलेलं सोडून पुढं जायचं, आणि पुस्तक पुढं सरकत नसेल तर ते ठेवून दुसरं घ्यायचं. ह्या पद्धतीवर काम करणारी एक जपानी संस्था आहे, तिच्या वेबसाइटवर लेव्हल लावलेली छोटी छोटी पुस्तकं फुकट मिळतात, सगळ्यात सोप्या लेव्हलला पानभर चित्र आणि खाली एखाददोन ओळी, कांजीच्या, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांच्या, डोक्यावर फुरिगाना म्हणजे उच्चार लिहिलेला. तिथनं सुरू कर. लाज वाटून घेऊ नको, मी नोकरी करत असताना लंच ब्रेकमधे ती चित्रांची पुस्तकं वाचायचे आणि शेजारचे विचारायचे हे काय चाललंय.

आणि एक, लहान मुलांची चित्रपुस्तकं सोपी असतील म्हणून ती शोधत बसू नको, ही चूक फार जण करतात. त्यात कांजी जवळजवळ नसते, सगळं हिरागानात, आणि घरातल्या बोलण्यातले शब्द, आवाजाचे शब्द इतके असतात की जपानी पोराला ते आईच्या तोंडून कानावर पडलेलं असतं पण आपल्याला नसतं. कांजी अवघड वाटते खरी, पण शब्द कुठं सुरू होतोय हे डोळ्याला तीच दाखवते. शिकणाऱ्यांसाठी लिहिलेली पुस्तकं वेगळी आणि मुलांची वेगळी. मांगा म्हणजे जपानी कॉमिक वाचायचाच असेल तर शाळकरी मुलांसाठीचा घे, त्यात सगळ्या कांजींवर फुरिगाना असतो. आओझोरा बुंको नावाच्या ऑनलाइन लायब्ररीत कॉपीराइट संपलेलं साहित्य फुकट आहे पण ते एन-थ्रीच्या पुढं, जुनी भाषा लागते.

एकच छोटं पुस्तक तीन वेळा वाच. पहिल्यांदा डोळ्यानं, दुसऱ्यांदा मोठ्यानं, तिसऱ्यांदा दोन दिवसांनी. तिसऱ्या वेळेला जो वेग येतो ना, त्यासारखी गोष्ट नाही. मी ते प्रिंट काढून करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचे, १८५० सालापासूनची लायब्ररी ती, आजूबाजूला सगळे पेपर नाहीतर पुस्तकात डोकं घालून बसलेले, मोबाइल बॅगेत. घरी फोनवर वाचायला लागले की पाचव्या मिनिटाला दुसरंच काहीतरी उघडलेलं असायचं. मोठ्यानं वाचायचं मात्र रंकाळ्यावर, संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीत कोण काय पुटपुटतंय कुणाला पडलेलं नसतं.

आता डायरी. जपानीत एक शब्द आहे, मिक्का बोझु, म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू, दीक्षा घेतली आणि तिसऱ्या दिवशी मठ सोडला असा माणूस. जे काही हौसेनं सुरू करून सोडून देतात त्यांना म्हणतात, आणि डायरीच्या बाबतीत तर हमखास. आपल्याकडं नव्याचे नऊ दिवस, त्यांच्याकडं तीनच. म्हणजे तू अकरा दिवस लिहिलीस ती दोन्ही हिशोबानं पुढंच आहे, आणि ज्या देशाची भाषा शिकतोयस तिथं पण डायरी सुटतेच, त्यासाठी शब्द करून ठेवलाय त्यांनी.

माझी दोनदा सुटली होती. दोन्ही वह्या माझ्याकडं आहेत. पहिल्या वहीत काय आहे तर ‘मी विद्यार्थी आहे’, ‘माझा छंद वाचन आहे’, ‘आज हवा छान आहे’ असली ग्रामरच्या पुस्तकातनं उचललेली वाक्यं, जी मी मराठीत कधी कुणाशी बोलले नसते. असलं लिहून कुणाचं मन लागेल सांग. तिसऱ्यांदा सुरू झाली ती २०१९ च्या ऑगस्टमधे, पुरात. आम्ही शाहूपुरी कुंभार गल्लीच्या बाजूला राहायचो, पंचगंगेचं पाणी आत यायला लागलं तसं सामान माळ्यावर टाकून राजारामपुरीत काकांच्या घरी गेलो. हायवे बंद, लाइट नाही, फोन चार्ज नाही, काही म्हणजे काही करायला नाही. पिशवीत दोनशे पानी वही होती. ८ ऑगस्ट, गुरुवार, त्या दिवसाची नोंद अजून तशीच आहे. वर तारीख, वार, मग ‘आमे’ म्हणजे पाऊस. खाली ‘मिझु गा पायरी मादे किता’, पाणी पायरीपर्यंत आलं, त्यात पायरी हा शब्द मी देवनागरीत तसाच घुसडलाय कारण जपानी शब्द माहीत नव्हता आणि शब्दकोश फोनमधे, फोन मेलेला. पुढं ‘काका नो इए नि इरु’, काकांच्या घरी आहे. आणि मग नुसतं मराठीत, ‘पाणी कधी ओसरणार’. काकू दोनदा म्हणाल्या, काय लिवालीस गं अंधारात.

लाइट आल्यावर मी ओसरणं शोधलं. हिकु. हिकु म्हणजे खरं तर ओढणं. पाणी ओसरलं म्हणजे ‘मिझु गा हीता’, पाणी मागं ओढलं गेलं. सर्दी झाली तरी ‘काझे ओ हीता’. शब्दकोशात शब्द पाहिला तरी ‘जिशो ओ हीता’, आणि दहातून तीन वजा करतानाही हिकुच. मला हे आयुष्यात विसरता येणार नाही कारण तो शब्द मला खरंच हवा होता, घर पाण्यात असताना हवा होता.

आणि मग ऑक्टोबरमधे जपानमधे मोठं वादळ आलं, ते वादळांना नंबर देतात, त्या वर्षीचं एकोणिसावं, बाहेरच्या जगात त्याला हागिबिस म्हणत होते. नागानोमधे चिकुमा नदीचा बांध फुटला, बुलेट ट्रेनचा डेपो पाण्यात गेला. एनएचके ह्या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या सोप्या जपानीतल्या बातम्या मी तेव्हा रोज एक वाचायचे, आणि त्या आठवड्यातल्या बातम्या वाचताना शब्दामागून शब्द ओळखीचे यायला लागले, हिनान म्हणजे सुरक्षित जागी हलणं, तेइबो म्हणजे बांध, दोरो म्हणजे चिखल, आणि एका बातमीत हिकु, पाणी ओसरल्यावर लोक घर साफ करतायत. सगळे माझ्या ऑगस्टच्या वहीतले शब्द. मी ती बातमी एकदाही न थांबता शेवटपर्यंत वाचली आणि मला अक्षरशः रडू आलं, थोडं त्या लोकांसाठी आणि थोडं ह्यासाठी की कुठल्या तरी नागानोतल्या माणसाच्या घरातला चिखल मला त्याच्या भाषेत कळत होता.

तिथनं मला जे कळलं तेच तुला सांगायचंय. वाचन आणि डायरी ह्या दोन वेगळ्या कामांच्या याद्या करू नको. डायरीत जे भोक राहतं, म्हणजे जिथं शब्द सापडत नाही आणि मराठी लिहावं लागतं, ते भोक वाचताना भरतं, आणि वाचताना जे वाक्य आवडतं ते रात्री स्वतःच्या दिवसावर बसवून लिहायचं. एकातनं दुसऱ्याला खायला मिळत राहिलं की दोन्ही जगतात. नुसतं वाचलं तर पाण्यासारखं वाहून जातं आणि नुसतं लिहिलं तर तीच पन्नास वाक्यं फिरून फिरून येतात.

करायचं कसं, तर रोज तीन वाक्यं. तारीख, वार, हवा हे वर हवंच, जपानी शाळेतली मुलं डायरीत हवा लिहितात, आणि त्याचा फायदा असा की काहीच सुचलं नाही तरी ‘पाऊस’ एवढं लिहून पान चालू झालेलं असतं. पहिलं वाक्य आज खरंच घडलेलं. दुसरं, आज वाचलेल्यातला एक साचा घेऊन. तिसरं जे वाटलं ते. शब्द आला नाही तर मराठीत लिहून खाली रेघ मार आणि पुढं जा, लिहिताना शब्दकोश नको, लिहून झाल्यावर रेघ मारलेल्यातला एकच शब्द शोध, फक्त एक, जो तुला सगळ्यात जास्त हवा होता तो. कांजी आठवली नाही तर हिरागानात लिही. रोजच्या वापराच्या कांजी २१३६, त्यातल्या १०२६ शिकायला जपानी मुलांना प्राथमिक शाळेची सहा वर्षं लागतात आणि पहिलीत त्यांना फक्त ८० असतात, आपण कशाला घाई करायची. सरावाला गणिताची चौकटीची वही चांगली, डायरी मात्र साध्या वहीत. आणि देसु-मासुमधे, म्हणजे क्रियापदाच्या नम्र रूपात, लिहू नको, ते समोरच्या माणसाशी बोलायचं, डायरी साध्या रूपात असते, ‘किमाशिता’ ऐवजी ‘किता’. क्रियापदाची साधी रूपं हाताला बसायला ह्यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही.

तीन वाक्यं कमी वाटतील. वर्षात शंभर दिवस सुटले तरी आठशेच्या आसपास वाक्यं होतात, आणि ती सगळी तुझ्या स्वतःच्या आयुष्याबद्दलची.

दिवस सुटला तर तो भरून काढायचा नाही. हे नक्की पाळ. मागचे चार दिवस आठवून लिहायला बसलं की ते कर्ज फेडल्यासारखं होतं आणि त्या कर्जालाच घाबरून वही बंद राहते, तुझं तेच झालंय. आजची तारीख घालून सरळ सुरू करायचं, मधली पानं कोरी सोडायची पण गरज नाही.

आपण मराठी माणसं आहोत ह्याचा केवढा फायदा आहे हे इंग्रजीतनं शिकवणारे व्हिडिओ बघून कळत नाही. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागं, हे आपल्याला घरचंच. ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः खाऊन बघणं. ‘शिते ओकु’ करून ठेवणं. ‘ताबेते शिमाउ’ जवळपास आपलं खाऊन टाकणं. इंग्रजीतनं समजून घ्यायला पान-पान खर्ची पडतं त्याला आपल्याला एक ओळ पुरते. घरातनं निघताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो, आणि आपणही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतो, आजी ओरडायची जातो म्हटलं की. अक्षरांचा क्रम बघ, आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, तो आपल्या बाराखडीच्या वळणाचा का वाटतो तर संस्कृतची लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंकडनं तो क्रम तिकडं रुजला. म्हणून ग्रामरच्या नोट्स मराठीत काढ. मी एन-फोरच्या सगळ्या नोट्स मराठीत परत लिहिल्या आणि निम्म्या पानांत बसल्या.

पण मराठीच एका ठिकाणी फसवते. आपला ‘त’. शाळेत आहे, शाळेत शिकलो, दोन्हीकडं त. जपानीत असण्याच्या जागेला ‘नि’ आणि काही करण्याच्या जागेला ‘दे’, म्हणजे ‘गाक्को नि इरु’ पण ‘गाक्को दे बेन्क्यो शिता’. माझ्या वहीत पहिली दोन वर्षं सगळीकडं नि आहे. ग्रामरच्या पुस्तकात नियम पाठ होता, एमसीक्यू बरोबर यायचे, लिहिताना मात्र हात मराठीच्या वळणानं जायचा. ह्यासाठी तपासून घेणं लागतं, पण रोज नको. रोज लाल रेघा दिसल्या की लिहिण्याचा आनंद जातो. पंधरा दिवसांतनं एक पान कुणाकडनं तरी तपासून घे, आणि एका वेळी एकच गोष्ट. एआयकडनं घेतलंस तरी चालेल पण आधी पूर्ण तुझ्या हातानं लिही, आणि त्याला ‘सुंदर करून दे’ म्हणू नको, चूक कुठं आहे तेवढं विचार, नाहीतर वहीत त्याचं जपानी जमा होईल, तुझं नाही.

परीक्षेबद्दल. जेएलपीटी, म्हणजे एन-फाइव्ह, एन-थ्री ह्या पातळ्यांची जपानीची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमधे असते, आपल्याला पुणे सेंटर जवळ. फॉर्म भरला की एक तारीख डोळ्यासमोर राहते आणि त्याचा उपयोग होतो. त्यात लिहायचं काही नसतं, सगळे पर्याय निवडायचे, त्यामुळे डायरीचे थेट मार्क नाहीत, वाचनाचे मात्र भरपूर. आणि माझं झालं तसं होऊ देऊ नको. एन-थ्रीला १८० पैकी ९५ लागतात, मला १०४ होते आणि तरी नापास झाले, कारण तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९ हवे असतात आणि मला ऐकण्यात १८ आले. एकट्यानं वाचून-लिहून शिकणाऱ्याचं ऐकणं मागं राहतंच. म्हणून जे वाचशील त्याचा ऑडिओ असेल तर आधी ऐक, कॉलेजच्या बसमधे तोच परत ऐक. नवीन काही शोधायला नको, वाचलेलंच कानानं.

एकटं वाटतं म्हणालास त्यावर एक उपाय मला फार लागू पडला. जपानमधे शाळकरी मैत्रिणी एकच डायरी आळीपाळीनं लिहितात, कोकान निक्की म्हणतात. मी सांगलीच्या एका मुलीबरोबर तीन वर्षं ते केलं, वही एकच ठेवणं शक्य नव्हतं म्हणून दर रविवारी एका पानाचा फोटो, आणि दुसरीनं त्यावर जपानीत दोन ओळी लिहायच्या. चुका काढायच्या नाहीत असं ठरलं होतं. तिच्याकडं द्राक्षाची बाग, त्यामुळे मला छाटणी आणि फवारणीला जपानीत काय म्हणतात ते येतं, आणि तिला फाउंड्रीतलं सगळं. रोज लिहायचा कंटाळा आला तरी रविवारी ती वाट बघत असेल म्हणून लिहिलं जायचं.

तू कशासाठी सुरू केलंस ते मात्र सांगितलं नाहीस. माझं असं झालं की मी फाउंड्रीच्या स्टोअरमधे कामाला होते, भिंतीवर फाइव्ह-एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचा, बोर्ड, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके, खाली मराठीत अर्थ, शित्सुकेच्या खाली नुसतं ‘शिस्त’. रोज बघायचे. एकदा जपानहून आलेल्या एका इंजिनिअरनं मालाच्या डिलिव्हरी चलनाच्या मागच्या बाजूला शित्सुकेची कांजी काढून दाखवली, डावीकडं शरीर आणि उजवीकडं सुंदर, आणि म्हणाला ही चीनमधनं आलेली नाही, जपानमधेच तयार केलेली. शिस्त ह्या शब्दात सुंदर कुठनं आलं ह्याचा मी आठवडाभर विचार करत होते. ते चलन अजून पहिल्या वहीत चिकटवलंय. तुझंही असं काहीतरी असणार, मेकॅनिकलला आहेस म्हणजे गाड्या असतील, मशीन असेल, नाहीतर ॲनिमे असेल, काहीही असो, वाचायला घेताना त्या बाजूचंच घे.

आज रात्री वही काढ. कोऱ्या पानावर तारीख, वार, हवा. सबमिशनचं काय झालं ते एका वाक्यात, सबमिशनला शब्द नाही आला तर देवनागरीत लिहून खाली रेघ. मग आणखी दोन. आणि रविवारी त्या आठवड्यातल्या एका पानाचा फोटो मला पाठव, मी त्यात फक्त नि आणि दे बघीन, बाकी कशालाही हात लावणार नाही, आणि खाली दोन ओळी जपानीत लिहून परत पाठवीन.